यॉर्कची वाट सांगणारी रेश्मा

रेश्मा दहिफळे यॉर्कला कधी गेलेली नव्हती. विमानात बसणं सोडाच, तिनं पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता. तरी नगरला, सावेडीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून चार वर्षं ती इंग्लंडातल्या त्या जुन्या शहराची वाट लोकांना सांगत होती.

तिकडची एक संस्था पास विकायची. एक पास घेतला की यॉर्कमधली आणि आसपासची जुनी ठिकाणं बघून घ्यायची. पास घेणाऱ्यांना शंका फार. कुठलं दार कधी उघडतं, गाडी कुठे लावायची, कुत्रं आत चालतं का. या शंकांना फोनवर आणि चॅटवर उत्तरं द्यायचं काम नगरच्या या कंपनीकडे होतं. तिकडं सकाळ झाली की इकडं दुपारची जेवणं उरकलेली असायची. मग सहा जण कानाला हेडफोन लावून बसायचे आणि तिकडची संध्याकाळ होईपर्यंत यॉर्कात वावरायचे.

कामाला लागताना सगळ्यांना एक फाइल वाचायला दिली होती. मोठं चर्च, त्याच्या रंगीत काचा. शहराभोवतीचा तट. टेकाडावरचा गोल बुरूज. पूर्वी खाटकांची होती ती अरुंद गल्ली, जिथली घरं वरून एकमेकांवर वाकलेली आहेत. गावाबाहेर मोडक्या मठाचे अवशेष. बाकीच्यांनी फाइल पाठ केली. रेश्मानं पाठ केली आणि वर साहेबांना विचारलं, "सर, यात बसायला जागा कुठे आहे ते दिलेलं नाही."

गोरक्षनाथ सर ऑफिस सांभाळायचे. ते म्हणाले, "बसायला? लोक बघायला जातात गं तिथं."

"म्हातारी माणसं असतील की त्यात. पाणी कुठे मिळतं, तेही नाही. संडास कुठे आहेत, तेही नाही."

हे तिला सुचलं त्याला कारण होतं. रेश्मा पाथर्डीच्या पलीकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ट्रक यायचा आणि पुंजाराम, भीमाबाई आणि पोरं भांड्याकुंड्यासकट कारखान्याच्या वाटेला लागायची. दरवर्षी नवं शिवार, पाचटाची नवी कोपी. नव्या जागी उतरलं की भीमाबाई आधी पाणी शोधायची, मग आडोसा, मग पोरांना बसवायला सावली. हे सापडलं की मगच बोचकं सोडायची. रेश्मा सहावीत गेल्यावर तिला आश्रमशाळेत घातलं, तिथं एका बाईंनी तिच्याकडून इंग्रजी घोटून घेतलं, पुढं नगरला बी.ए. झालं. पण नव्या गावाकडं बघायची नजर आईचीच राहिली.

सरांनी तिचे प्रश्न यॉर्कला मेल करून टाकले. तिकडून हेलन ब्रूक्स नावाच्या बाईंचं उत्तर आलं. पासचं सगळं काम त्या बघायच्या. त्यांनी लिहिलं होतं, की हे आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं, रविवारी मी स्वतः चालून बघते आणि कळवते. आणि त्यांनी खरंच कळवलं. तटाच्या कुठल्या भागाला आतून कठडा नाही, चर्चमध्ये कुठल्या बाजूला खुर्च्या असतात, नदीकाठच्या बागेत किती बाक आहेत. त्या दिवसापासून दोघींची मेलवर बोलचाल सुरू झाली.

हळूहळू असं झालं, की म्हातारे लोक फोनवर आले की बाकीचे रेश्माकडे बोट दाखवायचे. एकदा एका आजोबांचा फोन आला. बायकोचे गुडघे गेलेले, पण तिला तट बघायचाच होता. रेश्मानं सांगितलं, "तटावर चढायला सगळीकडं पायऱ्याच आहेत, त्यांना नाही जमणार. तुम्ही असं करा, म्युझियमच्या बागेत जा. तिथं रोमन लोकांच्या वेळचा बुरूज आहे, तट खालून दिसतो, शेजारी आणखी एका मोडक्या मठाच्या भिंती आहेत आणि बाक भरपूर आहेत. त्यांना बाकावर बसवा, तुम्ही चहा घेऊन या."

आजोबा खूश झाले. म्हणाले, "तू यॉर्कमध्ये कुठल्या भागातली?"

खोटं बोलायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. रेश्मा म्हणाली, "मी जरा बाहेरच्या बाजूला राहते."

ऑफिसात दोन दिवस हसणं चाललं होतं.

चौथ्या वर्षी जानेवारीत गोरक्षनाथ सरांनी सांगितलं, की हेलन मॅडम कंपनीच्या कामासाठी पुण्याला येतायत आणि दोन दिवस नगरला थांबणार आहेत. "एक दिवस त्यांना नगर बघायचंय. रेश्मा, तूच दाखव. तुला यॉर्क पाठ आहे, नगर तर घरचंच."

रेश्मा हो म्हणाली आणि खोलीवर येऊन डोकं धरून बसली. नगरमध्ये राहून तिला आठ वर्षं झाली होती. तिला कॉलेज माहीत होतं, तारकपूरचा स्टँड माहीत होता, सिव्हिल हॉस्पिटल, कापडबाजार आणि ऑफिस. किल्ल्यावरून ती शंभर वेळा रिक्षानं गेली असेल, आत एकदाही नाही. फराहबाग कुठल्या अंगाला आहे हेसुद्धा तिला मोबाईलवर बघावं लागलं. पुंजारामची पाठ धरल्यापासून आईबाप ऊसतोडीला जात नव्हते, गावीच असायचे. गावी फोन केला तर आईनं वेगळाच विषय काढला.

"कुठं कुठं नेणार तिला?"

"किल्ला, फराहबाग आणि चांदबिबीचा महाल."

"म्हंजी आपल्याच रस्त्याला येणार की! मग उपाशी पाठवायची का बाईला? आमी येतो महालावर भाकरी घिऊन. कल्याण आणील गाडीतून."

कल्याण हा रेश्माचा धाकटा भाऊ. त्याचा पिकअप टेम्पो होता. रेश्मानं नको नको म्हटलं, पण भीमाबाईनं फोन ठेवूनही दिला होता.

हेलन मॅडम उंच, पिकल्या केसांच्या, पायात जाड बूट. भेटल्या भेटल्या म्हणाल्या, "मॅडम नको, नुसतं हेलन." रेश्माला ते दिवसभर जमलं नाही.

सुरुवातच बिघडली. किल्ला लष्कराच्या ताब्यात. दारावर जवानानं दोघींची ओळखपत्रं बघितली आणि रेश्माला म्हणाला, "ताई, तुम्ही जाऊ शकता. परदेशी पाहुण्यांसाठी आधी परवानगी काढावी लागते. काढलीय का?"

काढली नव्हती. रोज वीस-वीस माणसांना ती बजावायची, की निघण्याआधी एकदा चौकशी करा. आणि आपल्या गावात आपणच चौकशी केली नाही. तिचा चेहरा पडला. जवान नीट बोलला, इलाज नाही म्हणाला. हेलन खंदकाच्या कडेनं थोडं चालल्या, बाहेरून तटबंदी बघितली, म्हणाल्या, "आमच्यापेक्षा तुमचा तट जाड आहे." पण त्यानं रेश्माला बरं वाटलं नाही.

फराहबाग सापडायला वेळ लागला. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर जामखेडचा, त्यालाही माहीत नव्हतं. सोलापूर रस्त्याच्या बाजूला विचारत विचारत पोचले. आठ कोनांची ती प्रचंड वास्तू उभी होती. पूर्वी भोवती तलाव होता, आता बाभळी आणि वाळलेलं गवत. आत गेल्यावर मात्र रेश्मा बघतच राहिली. मधल्या दालनाचं छत इतकं उंच, की बोललेलं वर जाऊन परत येत होतं. हेलननी विचारायला सुरुवात केली. पाणी कुठून आणलं होतं? कुणी बांधली? वर जायला जिना कुठे? रेश्मानं मोबाईल काढला, तर रेंज गेलेली.

"मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "खरं सांगू का मॅडम, मी इथं पहिल्यांदाच आलेय."

हेलन भिंतीवरच्या चुन्यातली नक्षी बघत होत्या. मागं वळून म्हणाल्या, "मी जन्मापासून यॉर्कमध्ये आहे. पहिली वीस वर्षं मी चर्चमध्ये फक्त पावसापासून आडोसा म्हणून गेले."

त्यावर दोघी हसल्या आणि दिवसाचं ओझं जरा उतरलं.

पाथर्डी रस्त्यानं गाडी निघाली, तसा डोंगरावरचा महाल लांबूनच दिसायला लागला. मग रेश्माला बोलायला जमलं. ऊसतोडीला जाताना ट्रकमधून तो दिसायचा. पोरं एका बाजूला गोळा व्हायची आणि मुकादम वरून ओरडायचा, की ट्रक कलंडेल. महाल दिसला की नगर आलं आणि नगर आलं की शाळा सुटली सहा महिन्यांसाठी, असा हिशेब होता. "आम्ही त्याच्याकडं बघून रडायचो," ती म्हणाली. "पण वर कधी गेलो नाही."

वर कल्याणचा टेम्पो येऊन थांबलेला होता. भीमाबाई नवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन उभी होती. पुंजाराम पाठदुखीमुळं टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा होता. त्यानं हात जोडले. हेलननी हात जोडले. भीमाबाईनं रेश्माला बाजूला घेऊन विचारलं, "हिला तिखट चालतं का?"

रेश्मानं आधी महाल दाखवला. तीन मजली, आठ कोनी, साधा, काळ्या दगडाचा. लोक चांदबिबीचा म्हणतात, पण ही निजामशाहीतल्या सलाबतखान नावाच्या वजिराची कबर. एवढं तिनं आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं. खाली तळघरात थडगं होतं. कमानींतून वारा भणाणत होता.

मग एका कमानीत सतरंजी पसरून सगळे बसले. बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत आणि शेतातल्या ज्वारीचा भाजलेला हुरडा. हेलननी ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितला. भीमाबाईला ती तिथं आवडली.

जेवता जेवता भीमाबाई सहज म्हणाली, "हितंच बसलो हुतो आमी. ह्याच कमानीत. न्हाई, पलीकडल्या."

"कधी?" रेश्मानं विचारलं.

"तू कडंवर हुती. वरसाची बी न्हवती."

रेश्मा आईकडं वळली. "मी इथं आले होते?"

"आलीस की. खाली रस्त्याला ट्रक मोडला. काय तुटलं कुनाला ठाव. मुकादम नगरला गेला सामान आनाया, त्यो दोन दिस आलाच न्हाई. बाप्ये बसले ट्रकापाशी. आमी बायका खाली सैपाक करायचो. दुसऱ्या दिशी भागूबाई म्हनली, काम न्हाई धाम न्हाई, चला वर जाऊ, दरसाल लांबून बघतोय. मग गेलो पाच-सा जनी. पोरं घिऊन. कोयतं ट्रकातच ठिवलं."

रेश्मानं हे इंग्रजीत सांगितलं. हेलननी विचारलं, "वर आल्यावर काय बघितलं, विचार ना."

भीमाबाईनं थोडा विचार केला. "आधी आपलं गाव दिसतंय का बघितलं. न्हाई दिसलं. मग कारखान्याचं धुराडं दिसतंय का बघितलं. त्ये बी न्हाई दिसलं. मग नुसतं बसलो."

"नुसतं बसलो?"

"व्हय. दिवस मावळोस्तवर. कुनी काय बोलना. भागूबाईला झोप लागली. मला वाटलं, पोरगी रडंल, तर तू बी न्हाई रडली. तेवढंच फिरनं झालं बघ आमचं. त्याच्या आधी न्हाई, मागनं बी न्हाई."

पुंजाराम खाली मान घालून हुरडा चोळत होता. म्हणाला, "मला कुठं सांगितलंस हे?"

"तुमी इचारलं कुठं? सरपनाला गेल्तो म्हनून सांगितलं तुमाला."

कल्याणला हसू आवरेना. रेश्मानं सगळं सांगितल्यावर हेलनही हसल्या. मग उठून पलीकडच्या कमानीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर बघत बसल्या. भीमाबाई भांडी आवरून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. भीमाबाई मधेच हात करून काहीतरी दाखवायची, हेलन मान हलवायच्या.

रेश्मा लांबून बघत राहिली. ती रोज परक्या माणसांना सांगायची, इथं बसा, तिथं टेका, घाई करू नका. आणि आईनं सरपणाचं निमित्त सांगून एक दुपार चोरली होती. तिला आईचा अभिमान वाटला आणि रागही आला. राग कुणाचा, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

उतरताना हेलननी रेश्माला थांबवलं. "मला एक सांगायचंय. गोरक्ष उद्या सगळ्यांना सांगणार आहे, पण तुला माझ्याकडून कळावं असं वाटतं. एप्रिलपासून चॅटची उत्तरं मशीन देणार. फोनसाठी दोनच माणसं राहतील, तीही पुण्याला. मी नको म्हणत होते. माझं चाललं नाही."

रेश्मानं विचारलं, "मशीनला बाक कुठे आहेत ते माहीत असेल का?"

"असेल," हेलन म्हणाल्या. "तू चार वर्षं दिलेली उत्तरंच त्याला वाचायला दिलीयत."

 हेलननी तिचा हात धरला, पण काही मोठं आश्वासन दिलं नाही. ते रेश्माला पुढं बरं वाटलं. निघताना भीमाबाईनं हुरड्याची पिशवी त्यांच्या हातात कोंबली.

मार्च संपताना सहाही जणांचं काम सुटलं. पुण्याला जायचं का, असं रेश्माला विचारलं होतं. पण पगार तोच आणि राहण्याचा खर्च वेगळा, म्हणून तिनं नाही म्हटलं. गावी गेल्यावर आईला सांगितलं, तर भीमाबाईनं भाकरी थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "उसात बी आलं की मशीन. भागूबाई सांगत हुती, मोठमोठं फड एका दिसात लोळवतंय. बांधाकडचा ऊस तेवढा ऱ्हातो. त्यो मानसांनी तोडायचा."

"मग भागूबाई काय करणारे?"

"काय करंल? बांधाकडचा तोडतीय. तू बी बघ कुठं काय मिळतंय."

दोन महिन्यांनी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तिला काम मिळालं. माल परदेशी जायचा, त्याचे मेल आणि फोन सांभाळायचे. रोज नगरहून कंपनीची बस. यॉर्कचं कुणी काही विचारेनासं झालं. सुरुवातीला दुपार झाली की तिला चुकल्यासारखं व्हायचं. आता तिकडं तटाची दारं उघडली असतील, असं मनात यायचं. मग तेही कमी झालं. हेलनची मेल मात्र यायची, महिन्या-दोन महिन्यांनी. एकीत त्यांनी लिहिलं होतं, की मशीन बरं चाललंय, पण म्हातारे लोक त्याला नाव विचारतात.

पावसाळ्यात ऊसतोडीच्या बायका गावीच असतात. श्रावणातल्या एका रविवारी रेश्मानं जीप ठरवली आणि आईला म्हणाली, "तुमच्या टोळीतल्या ज्या ज्या त्या दिवशी वर आल्या होत्या, त्यांना बोलाव."

दोघी वारल्या होत्या. एक लेकीकडं बीडला होती. भागूबाई आणि राहीबाई आल्या. जागा उरली म्हणून राहीबाईनं आपल्या दोन सुनांना घेतलं.

महाल या बायकांनी बघितलेला होता, म्हणून आता नगरची बाकीची ठिकाणं ठरली. या वेळी रेश्मानं आधी फोन करून सगळं विचारून ठेवलं होतं. आधार कार्डं सगळ्यांच्या पिशवीत होती. किल्ल्यात शिरण्याआधी तिनं बायकांना एका जागी उभं केलं आणि फोनवरचा आवाज लावून सांगितलं, "आत चालणं बरंच आहे. संडास इकडं आहे, आत्ताच जाऊन या. पाय दुखले की बोलायचं, गप्प बसून सोसायचं नाही."

"मुकादमीनच झाली की ही!" भागूबाई म्हणाली. पण सगळ्या मुकाट संडासला जाऊन आल्या.

स्वातंत्र्याच्या चळवळीत पुढाऱ्यांना जिथं डांबून ठेवलं होतं, त्या खोल्या बघताना राहीबाईनं दारातूनच सगळं न्याहाळलं. "कैद म्हनत्यात आन् खोलीला खिडकी हाय. आमच्या कोपीला न्हाई." सुना पदराआड हसल्या. फराहबागेत भागूबाईनं मधल्या दालनात उभं राहून जोरात हाक मारली आणि हाक परत आल्यावर दचकून राहीबाईच्या सुनेचा हात धरला. मग सगळ्यांनी एकेकदा हाक मारून बघितली. भीमाबाईनं "रेश्मे!" अशी मारली. तिथं बसून डबे सोडले, जेवणं झाली. रेश्मा सांगत होती, तलाव इथपर्यंत होता, नावेतून यायचे. राहीबाई म्हणाली, "एवढं पानी हुतं आन् गेलं कुठं?" ते रेश्मालाही माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

जवळच रणगाड्यांचं संग्रहालय. तिथं आत शिरताच बायकांची पांगापांग झाली. देशोदेशीचे रणगाडे हिरवळीवर ओळीनं मांडलेले. भागूबाई एकाभोवती फेरी मारून आली, त्याच्या पट्ट्यावर थाप मारली, मग वाकून खालून बघितलं. "ह्यो फडात घातला तर?" ती म्हणाली. "ऊस तर तुटंल, पन माती बी उकरून न्हील." राहीबाईनं आपला फोटो काढून घेतला आणि तो पोराला पाठवायला लावला. पोरगा कर्नाटकात ट्रक घेऊन गेला होता. त्यानं लगेच फोन केला आणि आई कुठल्या लढाईवर गेलीय म्हणून विचारलं. राहीबाई तिथंच उभी राहून त्याला सकाळपासूनचं सगळं सांगत बसली. रखवालदार दोनदा येऊन बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगून गेला. तिनं त्याला हातानंच थांब म्हटलं आणि पोराला किल्ल्याच्या खंदकात पाणी किती होतं, ते सांगायला लागली.